एकाच वाचकाचं पुस्तक

"अजून थोडं रुंद कर," साबणवाला म्हणाला. "आणि उंचीही वाढव."

आतल्या खोलीत माउस टिचकला. पार्टिशनच्या अलीकडे काउंटरवर बसलेल्या प्रेसमालकाने कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावरून अंगठा फिरवला आणि कान तिकडे लावले.

साबणवाला हे नाव त्यानेच ठेवलं होतं, मनातल्या मनात. माणूस दारात यायच्या आधी त्याचा साबणाचा वास आत येई.

"माझ्या शाळेतला आहे," बायकोने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "गोष्टींचं एक पुस्तक मांडायचंय. तयार साइझपैकी एकही चालत नाही, आपणच माप घालून पान बनवायचंय."

"प्रती किती?"

"एकच. विकायचं नाहीये. एकाच माणसाला वाचायला द्यायचंय."

एका प्रतीसाठी कोणी असे खेटे घालतं का? आणि तो एक माणूस कोण, हे कळायला काही ज्योतिषी लागत नव्हता.

हे सॉफ्टवेअर तिला त्यानेच शिकवलं होतं, लग्नानंतर शेजारी बसवून. आधी कागद ठरव, मग समास सोड, अक्षराला हात सगळ्यात शेवटी. शिवणीच्या बाजूला जागा जास्त ठेव, नाहीतर शब्द आत गडप होतात. ती चुकली की तो हसायचा, तो हसला की ती रुसायची. गेल्या वर्षी त्याने कॉम्प्युटर तिच्यावर सोपवला. पाठ धरते म्हणाला आणि काउंटर, फोन सांभाळू लागला.

"डॉक्टरांकडे जाऊन येऊ या," ती किती वेळा म्हणाली होती.

"मला काहीही झालेलं नाही."

हल्ली तिने म्हणणं सोडून दिलं होतं. आणि आता तिच्या शेजारच्या खुर्चीत, त्याच्या खुर्चीत, दुसराच कोणी बसून तिला मापं सांगत होता. खुर्ची करकरायची तीसुद्धा नव्या माणसाखाली वेगळी करकरत होती. शिवाय ते "तू". तिला "तू" म्हणणारा पुरुष या घरात आजवर तो एकटाच होता.

जेवताना त्याने विषय काढलाच.

"एक पान मांडायला एवढे दिवस लागतात?"

"पान वाढवलं की अक्षर वाढवावं लागतं. अक्षर वाढलं की ओळी मोडतात. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"मी एका बैठकीत उरकलं असतं."

"मग उरका की," ती म्हणाली. "उद्या तुम्ही बसा त्याच्याबरोबर."

त्याने कमरेवर हात ठेवला. पाठ धरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतून तिचं हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी. मग आवाज खाली गेले. तो उठला आणि पार्टिशनला हात टेकवून उभा राहिला.

"यांना अजून काही बोलली नाहीस?" साबणवाल्याने विचारलं.

"कसं बोलू? मानी माणूस आहे. मोडून पडेल."

"कधीतरी सांगावंच लागेल. किती दिवस असं चोरून भेटायचं?"

"थोडं थांब ना. माझ्यासाठी."

इतकी वर्षं जिला पानाचे समास शिकवले, तिने त्यालाच समासात टाकलं होतं. त्याने दार लोटलं.

प्रिंटरचा पंखा तेवढा घरघरत राहिला.

"चालू दे," तो म्हणाला. "माझ्याच घरात, माझ्याच यंत्रावर. मी काय बहिरा आहे?"

"अहो, आधी बसा तरी."

"काय लिहिताय दोघं मिळून? दाखव ते पान."

ती लगेच हलली नाही. मग कागद सरकल्याचा आवाज झाला आणि तिने एक पान त्याच्या हातात ठेवलं. मोठं होतं, हातात मावत नव्हतं. तिची बोटं थंडगार होती.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हीच वाचा."

त्याने पान छातीसमोर धरलं. मान डावीकडून उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे आणली, ओळीमागून ओळ, खालपर्यंत. घाई केली नाही. पुरता वेळ घेतला.

"अक्षर हत्तीएवढं करून ठेवलंय," तो शेवटी म्हणाला. "आणि हा मजकूर? लाज वाटली पाहिजे तुम्हाला. असलं काही माझ्या प्रेसमधून बाहेर पडणार नाही."

खुर्ची करकरली, साबणाचा वास जवळ आला. बायको त्याच्या दंडाला धरून रडत होती, पण बोलली ती त्याच्याशी नाही.

"बघितलंस ना, डॉक्टर? कोरा कागद आहे तो."