भिंतीचा फोटो

दिघ्यांनी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, तसा स्टुडिओवाला उसळला. "भिंतीचे फोटो काढायला कॅमेरा घेताय होय?"

"जुना कॅमेरा असाच तपासतात," दिघे गुरकावले. त्यांनी फोटो पडद्यावर मोठा केला. जरा उजवीकडे एक काळा ठिपका होता. "हे काय? आत घाण साचलीय, आणि म्हणे एक नंबर कंडिशन! लोकांना मूर्ख समजता?"

"बारा वर्षं अख्ख्या तालुक्यातल्या लग्नांचे फोटो काढलेत याने. कुणाला ठिपका दिसला नाही. तुम्हीच एक दीडशहाणे भेटलात!"

दिघे थबकले. त्यांचंही लग्न याच तालुक्यातलं. पाकिटातला बायकोचा लग्नातला फोटो काढून त्यांनी पडद्याशेजारी धरला. तिच्या गालापाशी तोच ठिपका, त्याच जागी. "आयती तीट लागलीय, आता कुणाची दृष्ट नाही लागायची," ती हसून म्हणायची. लग्नानंतर पाचव्या वर्षीच ती गेली.

स्टुडिओवाल्याने तोंड वाकडं करत ब्रश उचलला. "आणा इकडे. दोन मिनिटांत पुसून देतो तुमचा ठिपका."

दिघ्यांनी कॅमेरा झटकन मागे ओढला. "खबरदार त्याला हात लावलात तर!"