दहापैकी दहा

केडगावचा हनुमंत दर रविवारी यवतहून नव्या कंपनीची बियर आणायचा आणि चव घेऊन खिशातल्या डायरीत तिला दहापैकी मार्क द्यायचा. बायकोनं, धनश्रीनं, ती डायरी कधी उघडूनसुद्धा बघितली नाही. दौंडच्या वाचनालयातल्या पुस्तकांवर मात्र कुणी अनोळखी वाचक शेवटच्या पानावर पेन्सिलीनं, तिरप्या अक्षरात असेच मार्क देऊन ठेवायचा, आणि धनश्री ते बघूनच पुस्तक निवडायची. "लई पारखी माणूस हाय," असं ती म्हणाली, की गार बियर पिऊनसुद्धा हनुमंतच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा गाडीच्या घाईत तिनं शेवटचं पान न बघताच एक जाडजूड पुस्तक आणलं. हनुमंतनं गुपचूप बघितलं, तर त्याला मार्कच नव्हते. दोन पानांतच त्याला जांभई आली. तो पारखी एकदाचा तोंडावर आपटावा, म्हणून त्यानं त्या दिवशीच्या बियरला दिले पाच, आणि पुस्तकाला, तसंच तिरपं अक्षर काढून, दहा.

तीन दिवसांनी धनश्रीनं पुस्तक मिटलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. शेवटच्या पानावरच्या त्या दहावर बोट फिरवत ती हनुमंतला म्हणाली,



"अवो, असा नवरा जिला मिळाला आसंल, तिनं काय पुण्य केलं आसंल!"