तांदळातलं नाव

“हिचं रक्त परत काढू नको गो बाय,” तुळसाने आल्या आल्या बजावलं आणि टेबलावर कार्ड ठेवलं. “मागं तूच काढलंयस. बघ, शिक्का हाय.”

योगिनीने कार्ड उचललं. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये दर मंगळवारी गरोदर बायांच्या तपासण्या होतात, आणि गेली सहा वर्षं त्या तीच करते. कार्डावरचं अक्षर तिचंच होतं. मृणाली गुरुप्रसाद, राहणार पूर्णगड. खाली तांबड्या पेनाने लिहिलेलं : कावीळ बी, पॉझिटिव्ह. तारीख तीन वर्षांपूर्वीची. तुळसाला वाचता येत नव्हतं, हे एक बरं म्हणायचं की वाईट!

ती मृणाली योगिनीला चांगली आठवत होती. उंच, हसरी. तपासणीची पट्टी योगिनीने तिच्या सासूला, या तुळसाला, तिथेच दाखवली होती, नंतर चार फोनही केले होते, पण दवाखान्यात परत कुणी फिरकलं नाही. घरीच वैदूची काविळीची माळ डोक्यावर घातली, आणि आठव्या महिन्यात मृणाली पोटातल्या बाळासकट गेली. आता तिचं कार्ड घेऊन समोरच्या स्टुलावर बसली होती एक बुटकी, सावळी मुलगी. पाचवा महिना असावा. अंगातला ब्लाऊज दुसऱ्या कुणाच्या मापाचा, खांद्यावरून घसरत होता.

“मावशी, हे कार्ड हिचं नाही.”

“नाव वाच की.”

“वाचलं. ही मृणाली गेली ना?”

“गेली नि आली,” तुळसा म्हणाली. बाजाराला जाऊन आली म्हणावं, इतक्या सहज. “लग्नात तांदळात नाव लिहायची वेळ आली, तवा माझ्या गुरूचा हात धरून मीच लिवून घेतलं. घर तिचं, भांडी तिची, रेशनकार्डावर नाव तिचं. उगाच दुसरं कशाला?”

योगिनीला खरं तर हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. नवरीचं नाव बदलतात, तिचं स्वतःचंही बदललं होतं. पण गेलेल्या बाईचं नाव जिवंत मुलीला द्यायचं? तिने नवा फॉर्म पुढे ओढला.

“कितवं बाळंतपण?” तिने मुलीलाच विचारलं.

“दुसरं.”

“पहिलं मूल?”

“आठव्या महिन्यात गेलं. मला कावीळ झाली होती.” मुलगी खाली बघत बोलत होती. “डोक्यावर माळ घातली होती. ती वाढत वाढत पायापर्यंत उतरली, तरी डोळे पिवळेच राहिले.”

हे सगळं त्या गेलेल्या मृणालीचं होतं. मुलीच्या मागे उभी राहून तुळसा एकेका वाक्याला मान डोलवत होती.

“मावशी, तुम्ही बाहेर बसा. इथला नियमच आहे तसा.”

बरीच कुरकुर करून तुळसा गेली. दार तिने अर्धवट उघडंच ठेवलं.

“तुझं खरं नाव काय गं?”

मुलीने आधी दाराकडे पाहिलं. “संस्कृती. माहेर लांज्याला.” मग तिने योगिनीचा हात घट्ट धरला. “मॅडम, सासूबाई शिकवायच्या तसं मी नुसतं म्हणायचे. रोज म्हणायचे. आता ते मला आठवायला लागलंय. ती माळ कपाळाला गार लागते.”

योगिनीने नेहमीचं सगळं नीट समजावलं. कसली तपासणी, कशासाठी. काही निघालंच, तरी घाबरायचं नाही. बाळंतपण दवाखान्यात झालं आणि जन्मल्याबरोबर बाळाला दोन इंजेक्शनं मिळाली, तर बाळ वाचतं.

“वाचतं?”

“वाचतं गं. देवाशप्पथ.”

संस्कृतीने स्वतःच बाही वर केली.

पट्टीवर रक्त टाकून दोघी बघत बसल्या. पहिली रेघ लगेच उमटली. ती सगळ्यांचीच उमटते. दुसरी उमटू नये, म्हणून योगिनीने मनातल्या मनात किती देवांना हाका मारल्या! ती उमटलीच. आधी फिकट, मग ठसठशीत.

“नवरा कुठे असतो तुझा?”

“बोटीवर. सहा महिन्यांनी येतात.”

“त्याचं रक्त कधी तपासलंय?”

“त्यांचं कशाला?”

दार ढकलून तुळसा आत आली. तिची नजर पट्टीवर गेली, आणि काय सांगावं, तिचा चेहरा अगदी उजळला.

“दोन! तिच्या पट्टीवर पण दोनच होत्या, तूच दाखवलं होतंस मला. आता तरी पटलं? रक्तसुद्धा तेच हाय!”

“मावशी, शुद्धीवर या!” योगिनीचा संयम संपला. “ही तुमच्या घरात आली तेव्हा ती जगात नव्हती. तिचा आजार हिला लागलाच कसा? दोघींच्या मधे एकच माणूस आहे, तुमचा गुरू. आधी त्याला इथे घेऊन या.”

तुळसाने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. “माळ करायला सांगून ठेवलंय मी,” ती म्हणाली. “चल मृणाली.”

संस्कृती हलली नाही. दोन्ही हातांनी तिने स्टूल घट्ट धरून ठेवलं होतं.

“मृणाली, चल म्हणते ना!”

“आई, मृणाली मेली.” संस्कृती म्हणाली. “मला मरायचं नाहीये. माझं बाळंतपण दवाखान्यातच होणार.”

तुळसा रागावली नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडे बघावं, तसं तिने संस्कृतीकडे जरा वेळ बघितलं. मग तिची नजर स्टुलाच्या बाजूला, रिकाम्या जागेकडे वळली आणि तिथेच थांबली. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने हात पुढे केला, कुणाचा तरी दंड धरावा तसा धरला, आणि ती बाहेर पडली.

व्हरांड्यात नंबर लावून बसलेल्या बायांनी पाय आवरून वाट करून दिली. एकीने आपली पिशवीही उचलून घेतली. दोन माणसं जातील एवढी वाट झाली.

“पायरी हाय पुढं,” तुळसा म्हणत होती. “सावकाश उतर.”