कासवाची ताटली

"ताई, तुमचं कासव उपाशी आहे," प्राण्यांचे डॉक्टर त्याला काट्यावरून उचलत म्हणाले. "वजन वाढलेलं नाही, आणि कवचही मऊच आहे."

"उपाशी? अहो, रोज पाल्याची ताटली चाटूनपुसून साफ असते!" तान्ह्या बाळाला खांद्यावर सावरत ती म्हणाली.

घरी येऊन तिने मुद्दाम मोठी, रुंद पानं ठेवली. दुपारी उरलेलं एक पान उजेडात धरलं, तर कडेला दातांचे दोन इवलेसे ठसे होते. कासवाला तर दात नसतात.

"मग आपल्याच पिल्लाचे उद्योग," नवरा हसला.

तिने बाळाच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. हिरड्या अगदी गुळगुळीत होत्या.

पुढच्या आठवड्यात ठसे चार झाले, खाली दोन आणि वर दोन. मग सहा. बाळांना दात येतात, ते याच क्रमाने. कासव मात्र आपल्या पेटीच्या कोपऱ्यात मान आत ओढून बसलेलं असायचं. तिने पेटीवर जाळी घातली, जाळीवर जाड पुस्तकं रचली.

आज सकाळी पाला जसाच्या तसा होता. एकाही पानाला कोणी तोंड लावलं नव्हतं. तिने हुश्श केलं.

"बघ, उगाच जीव टांगणीला लावून घेतलास," शेजारी उभा नवरा म्हणाला.

तेवढ्यात आतल्या खोलीत, पाळण्यात एकटंच असलेलं बाळ खिदळलं. ती त्याची पावलं लाडाने हळूच चावायची, तेव्हा ते अगदी असंच खिदळायचं.