पलीकडची खोली

दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक कुठे भरते, हे कुणाला विचारायचीही शिलाईकाम करणाऱ्या मावशींना चोरी होती. पाट्या वाचत, गल्ल्या पालथ्या घालत त्या एकदाच्या तिथे पोचल्या. दारातल्या माणसाने त्यांचे पांढरे केस पाहिले आणि अदबीने वाट दाखवली, "घरच्यांची बैठक पलीकडच्या खोलीत आहे, मावशी."

'नाही' म्हणायला त्यांची जीभ रेटेना. त्या पलीकडे जाऊन बसल्या. कुणी नवऱ्याचं सांगत होतं, कुणी मुलाचं. शेवटी शेजारच्या बाईने हलकेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"तुमच्याकडे कोण पितं, मावशी? यजमान की मुलगा?"

पिशवीच्या बंदाशी चाळा करत मावशी म्हणाल्या, "घरात मी एकटीच राहते गं."