दप्तरातली भाकरी

जहांआराच्या दप्तरात भाकरीचे तुकडे सापडले ते बाराव्या रोज्याला. झुबेदाने दप्तर उलटं केलं, तर भूगोलाच्या वहीलाही तेल लागलेलं.

"हे कोण खातं?"

चौदा वर्षांची जहांआरा आधी बापाकडे बघत राहिली, मग जमिनीकडे. "आय एट इट, अम्मी."

झुबेदाने वही आपटली. शारजात इंग्रजांच्या चर्चची शाळा निघाली, परीक्षा न घेता सगळ्यांची मुलं घेऊ लागली, तेव्हाच ती म्हणाली होती, पाद्र्याच्या शाळेत पोरगी हातची जाईल. पण तिचा नवरा कमरुद्दीन त्याच शाळेची बस चालवायचा. त्यानेच हट्टाने नाव घातलं. पोरगी डॉक्टर होणार म्हणे.

"उद्या शाळेतून नाव काढते. खलास," झुबेदा म्हणाली. "तुमच्याकडे बघून तरी शिकायचं तिने. तीस वर्षांत एक रोजा चुकला नाही तुमचा. गावाकडे अख्खं दाभोळ जाणतं."

कमरुद्दीन पोट दाबून बसला होता. रमजान लागल्यापासून वाळत चालला होता, पण तोंडातून तक्रारीचा शब्द नाही.

"पोर आहे. एकदा माफ कर," एवढंच तो म्हणाला. मग रोजा सोडायची मगरिबची बांग झाली आणि तिघांनी खजूर उचलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी झुबेदा बुरखा घालून शाळेत थडकली. हेडमिस्ट्रेस गोरी, पण मुंबईत राहिलेली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"जहांआरा? वो तो पानी भी नहीं पीती," ती म्हणाली. "खाने की छुट्टी में रोजेवाली लडकियाँ लायब्ररी में बैठती हैं. मेरे सामने. आप खुद देखो."

झुबेदाने काचेतून पाहिलं. ओठ सुकलेले, ओढणी डोक्यावर, आणि पोरगी पुस्तकात बुडालेली. झुबेदाला रडूच आलं. काल काय काय बोललो आपण या लेकराला. भाकरी कुणा भुकेल्याला देत असेल, आणि त्याचं नाव नको म्हणून स्वतःवर घेतलं असेल. असली पोर नशिबाने मिळते.

"तो नाम काटना है?" हेडमिस्ट्रेसने विचारलं.

"उसके अब्बा से पूछती हूँ," झुबेदा डोळे पुसत म्हणाली. पूछना कसलं, तिचं मन केव्हाच फिरलं होतं. पण माणसाचा मान राखावा.

बस चर्चच्या मागे सावलीला उभी होती. मुलगी रोज्याची पक्की आहे, हे नवऱ्याला कधी एकदा सांगते असं तिला झालं. लगबगीने जाऊन तिने बसचं दार ढकललं.

मागच्या सीटवर, दवाखान्याच्या औषधाची बाटली शेजारी ठेवून, कमरुद्दीन तिच्याच हातची तांदळाची भाकरी खात होता.