आघाड्याचं मूळ

आतून पोर रडलं आणि रंभा ताडकन उठली. बाकीच्यांच्या तोंडावर हसू, हिची नजर लेबर रूमच्या दारावर.

"सिस्टर, झाली ना मोकळी माजी पोर? मंग केस सोडा तिचे. लवकर!"

"मुलगी झाली हो आजी, बर्फी आणा," म्हणत सिस्टर बाळाला घेऊन पुढे निघून गेली. जावई सुशांत आणि विहीणबाई नीताताई तिच्या मागोमाग काचेच्या खोलीकडे पळाले. रंभा काही नातीचं तोंड बघायला गेली नाही.

लेकीच्या, निशाच्या केसांत आघाड्याचं मूळ होतं. सकाळी वेणी घालताना रंभानंच ते मानेपाशी, कुणाला दिसू नये असं, काळ्या दोऱ्यानं बांधलं होतं. नववा लागल्यापासून शतावरीचं दूध झालं, तूप झालं, कंबरेला कोमट तेल झालं. पण सोडवणूक करावी ती आघाड्यानंच. गावी, गव्हाणला, कंटेनर यार्डाच्या भिंतीखाली एवढंसं झाड उरलं होतं. आदल्या सांजेला त्याला हळदकुंकू वाहून, "उद्या न्यायला येते हां, माज्या लेकीसाठी," असं रीतसर आवतण दिलं, आणि पहाटे लोखंड न लावता हातानं उपटलं. नीताताई तिच्या काढ्यातेलांना हसायच्या. "नॉर्मल झाली तर तुमच्या झाडपाल्याला हार घालू," म्हणायच्या. झाली की नॉर्मल.

मूळ गुणाचं, पण हट्टी. ओढायला सांगितलं की ओढतच राहतं. पोर बाहेर आलं की त्याच क्षणी काढायचं, नाहीतर पोरामागून आईचा जीवही ओढून आणतं. रंभाच्या आईनं तिला हे बजावून सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं. हॉस्पिटलात बाळंतिणीची आई दाराबाहेर असते, तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

दार उघडलं. दुसरी एक सिस्टर धावत बाहेर आली. तिचे हातमोजे कोपरापर्यंत लाल.

"काय झालं, बाय?"

"ब्लीडिंग थांबत नाहीये. बाजूला व्हा."

रंभा दाराला भिडली. "ऐक गो माजं. केसांत मूळ हाय तिच्या. ते काडा, काडलं का थांबंल. नायतर मना आत सोडा. दुसऱ्या कशाला हात नाय लावत मी."

"आजी, तिकडे बसा ना प्लीज!"

दार बंद. मग रक्ताच्या पिशव्या आत गेल्या. मग आणखी गेल्या. मग डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या आणि सुशांतला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "गर्भाशय आवळतच नाहीये. सगळी औषधं देऊन झाली. गर्भपिशवीच काढावी लागेल. आणि तेवढ्यानं थांबेलच, असं मी आत्ता सांगू शकत नाही." सुशांतनं न वाचताच सही केली.

रंभानं डॉक्टरणीची बाही पकडली. "मी केलंय ते, डॉक्टरीनबाय. माज्या हातानं बांधलंय. मागनं मना पोलिसात द्या, पन आदी तिचे केस सोडा!"

"विहीणबाई, अहो काय हे! ही वेळ आहे का?" नीताताईंनी तिला ओढून बाकावर बसवलं. डॉक्टरीण आत गेली. नीताताई तिच्याशेजारी टेकल्या आणि जरा वेळानं, कुणी ऐकू नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "काय बांधलंय?"

रंभानं सांगितलं. काढलं नाही तर काय होतं, तेही सांगितलं.

नीताताई हसल्या नाहीत. उठल्या, दारापाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागल्या. "अहो, कोण आहे आत? तिचे केस सोडा हो! केस सोडा तिचे!"

दार उघडलं ते आयानं. हातात चादरींचा लाल गोळा. दोघी एकदमच बोलल्या, तरी तिला कळलं. तीही इकडच्याच कुठल्या गावातली असावी.

"ती मुळी व्हय? ती मी तवाच काडली. गाऊन घालताना. पोर यायच्या लय आदी." चादरी काखेत धरून तिनं मोकळा हात रंभाच्या खांद्यावर ठेवला. "तुमच्या मुळाचा काय दोस नाय, बाय. उगा जिवाला लावून घेऊ नका."

नीताताई भिंतीला टेकल्या. रंभानं आयाचा तो हात धरून ठेवला.

"मंग," तिनं विचारलं, "आता काय सोडू?"